राईच्या सावलीत दिसलेला ठोका

मी देव मानणारा माणूस आहे, पण निर्धास्त कधीच नव्हतो. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात, असं माझी बायको लग्नापासून विचारत आली आहे. लोणावळ्याहून सकाळच्या गाडीने कामावर निघालो की मी कार्ल्याच्या डोंगराकडे तोंड करून एकवीरेला हात जोडायचो, आणि मळवली स्टेशन मागे पडायच्या आत पुन्हा काळजी करायला लागायचो. देवीवर भार टाकायचा आणि लगेच तो परत काढून घ्यायचा, अशी माझी भक्ती.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. आमच्या छोट्या प्रयोगशाळेत लष्करी डॉक्टरांसाठी एक पेटी तयार होत होती. जखमी जवानाला स्ट्रेचरवरून डोंगर उतरवताना त्याच्या हृदयाचे ठोके वाटेतही कळावेत, एवढंच तिचं काम. हलत्या स्ट्रेचरवर मनगट धरून नाडी बघणं फार कठीण, आणि इस्पितळातलं यंत्र उचलायलाच दोन माणसं लागत. आमची पेटी बॅटरीवर चालायची, गळ्यात अडकवता यायची. रोग्याच्या छातीवर तीन चकत्या चिकटवायच्या, त्यांच्या तारा पेटीला जोडायच्या, की दर ठोक्याला पेटीवरचा लाल दिवा लुकलुकायचा. टेबलावर ती अगदी शहाण्यासारखी वागे. स्ट्रेचर चालू लागलं की मात्र तारा हलत आणि दिवा वाटेल तसा लागे. नसलेले ठोके दाखवी, असलेले गाळी. त्यावर उपाय म्हणून मी पेटीला एक बटण बसवलं होतं. ते फिरवलं की वेडेवाकडे ठोके गाळले जात आणि दिवा सरळ चालीने लागे. बरोबरचे मेजर डॉक्टर त्या बटणावर नाराज होते. "अहो, उद्या खरोखरच एखाद्याचा ठोका वेडावाकडा पडला तर हे तोही गाळेल," असं म्हणून त्यांनी मला ते शक्यतो फिरवू नका म्हणून बजावलं होतं.

शेवटची चाचणी वडिवळ्याच्या पुढच्या डोंगरात ठरली. ती फसली तर काम बंद होणार, हे वरून स्पष्ट कळवलं होतं. त्या आठवड्यात मला अन्न गोड लागलं नाही. निघायच्या आदल्या दिवशी मी पेटी घरच्या देवघरापुढे ठेवली, तिला हळदकुंकू वाहिलं आणि मागणं मागितलं की आई, उद्या दिवा सरळ लागू दे. दुसऱ्या दिवशी मेजरसाहेबांनी पेटीवरचं कुंकू पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते तसंच राहू दिलं.

स्ट्रेचर उचलायला जवान होते आणि त्यांचा प्रमुख होता हवालदार किसनराव. कान्ह्याकडचा, चाळिशीला आलेला, त्या डोंगरांत लहानाचा मोठा झालेला माणूस. आधीच्या सरावांत रोज तो पुढची बाजू खांद्यावर घेई. त्या दिवशी मात्र म्हणाला, "आज मी झोपतो स्ट्रेचरवर. लय उचललं." बाकीच्यांनी त्याची यथेच्छ चेष्टा केली. हवालदाराला नवरदेवासारखं मिरवायचंय, असं एकजण म्हणाला. किसनराव हसला आणि आडवा झाला. निघण्यापूर्वी मेजरसाहेबांनी नाडी पाहिली, ती ठीक होती. वाट कशी आहे ते बघायला ते पुढे गेले. मी स्ट्रेचरशेजारून चालत होतो, पेटी गळ्यात चामड्याच्या पिशवीत, झाकण उघडं.

थंडी सरली होती, ऊन चटके देत होतं. भातखाचरांचे बांध संपून चढ लागला आणि दिवा बिघडला. उन्हात तो नीट दिसतही नव्हता, हाताचा आडोसा करून बघावं लागत होतं. दोन ठोके लागोपाठ, मग काहीच नाही, मग पुन्हा घाईघाईने तीन-चार. वर्षभराची मेहनत डोळ्यांदेखत मातीत चालली होती. मी तारा दाबून धरल्या, चकत्या चाचपल्या. किसनरावच्या कपाळावर घाम होता, पण ऊनच तसं होतं. "बरं आहे ना?" मी विचारलं. "व्हय, झकास," तो म्हणाला. त्याचं झकास ऐकून तर माझी खात्रीच झाली की दोष पेटीचाच. मनात देवीशी भांडण सुरू झालं. एवढंसं मागितलं होतं, तेही जमलं नाही का तुला? माझा अंगठा त्या बटणावर गेला. मेजरसाहेब पुढे होते. कोणाला कळणार होतं?

वाट तिथे वाघजाईच्या राईत शिरत होती. देवीच्या नावाने राखलेली झाडी, कुऱ्हाड न लागलेली, बाहेर ऊन आणि आत थंड अंधार. तोंडाशी एक म्हातारी पाचोळा झाडत होती. तिने खराटा आडवा धरला.

"बुटं काढा," ती म्हणाली. "राईत चामडं न्हाई चालत."

मेजरसाहेब मागे वळून आले. "मावशी, आम्ही सरकारी कामावर आहोत. पाच मिनिटांत पलीकडे जाऊ."

"मग पाच मिनिटं बिनबुटाचं जावा," मावशी शांतपणे म्हणाली. "तुमच्या कामाला मी न्हाई म्हनते व्हय? चामड्याला न्हाई म्हनते."

साहेबांना काही सुचायच्या आत जवानांनी स्ट्रेचर खाली ठेवलं आणि ते बुटांच्या नाड्या सोडायला बसले. फौजी बूट ते, काढायला वेळ लागतो. माझ्या गळ्याकडे बघून मावशी म्हणाली, "ती पिशवी बी चामड्याचीच हाय." मी बटणावरून हात काढला. चपला काढल्या, पेटी पिशवीतून बाहेर घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरून सावलीत उभा राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दिव्याकडे बघत राहिलो.

स्ट्रेचर जमिनीवर होतं. तारा हलत नव्हत्या. वारासुद्धा नव्हता. आणि दिवा तसाच लागत होता. दोन ठोके लागोपाठ, मग काहीच नाही.

ते समजायला मला किती वेळ लागला सांगता येत नाही. "साहेब," मी म्हणालो, "पेटी बरोबर आहे." मेजरसाहेबांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, गुडघ्यांवर बसले आणि किसनरावचं मनगट धरलं. मग हळू आवाजात विचारलं, "छातीत कधीपासून दुखतंय?"

किसनरावने डोळे मिटले. "सकाळधरनं," तो म्हणाला.

पुढचं सगळं घाईचं होतं. साहेबांनी इंजेक्शन दिलं. आमची ॲम्ब्युलन्स खालच्या रस्त्यावर उभी होती, आणि तिकडची जवळची वाट राईतूनच उतरत होती. बूट पुन्हा घालायला कोणी थांबलं नाही. "ऱ्हाऊ द्या हितंच, कोन नेतंय?" मावशी म्हणाली. तिने देवीपुढचा अंगारा चिमटीत आणून किसनरावच्या कपाळाला लावला आणि बाजूला झाली. जवान अनवाणी निघाले. खड्यांवर पाय जपून टाकावा लागे, त्यामुळे स्ट्रेचर कमी हिंदकळत होतं आणि त्या उतारावर दिवा मला आधीपेक्षा स्पष्ट दिसला. ठोका चुकला की साहेबांना सांगत मी चालत होतो. प्रत्येक रिकाम्या जागेपाशी माझा जीव खालीवर होई. मागणं वगैरे काही उरलं नव्हतं, नुसतं आई, आई चाललं होतं. एकदा दिवा इतका वेळ लागला नाही की मी उभाच राहिलो. मग लागला.

किसनराव वाचला. अजून तासभर त्याला तसंच डोंगरात फिरवलं असतं तर वाचला नसता, असं मेजरसाहेबांनी मला इस्पितळाच्या पायऱ्यांवर सांगितलं. ते तसे फार बोलणारे नव्हते.

बूट आणायला मी स्वतः गेलो. सगळे जोड एका झाडाखाली ओळीने मांडून ठेवलेले होते, माझ्या चपलांसकट. मावशी नव्हती. गावात विचारलं तर ती गुरवाची थोरली बहीण निघाली, भाऊ परगावी गेला म्हणून चार दिवस राई झाडायला आली होती. साधीसुधी हाडामांसाची बाई. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, देवीच ती. मी वाद घातला नाही, आणि हो म्हणण्याचीही मला गरज वाटली नाही. कोणीतरी माझा हात त्या बटणावरून काढला, एवढं मला पुरे आहे.

काही दिवसांनी किसनरावला भेटायला गेलो. उशीला टेकून बसला होता, बशीतून चहा पीत होता. मी विचारलं, दुखत होतं तर बोलला का नाहीत? तो संकोचला. "सायेब, तुमी आठ दिस जेवत नव्हता. म्हनलं, माज्यापायी तुमचं मशीन नापास नको व्हायला. झोपूनच तर जायाचं होतं." मग त्याने विचारलं, "झालं का वो पास?"

त्याच्या पायांवर हात ठेवून मी बसून राहिलो आणि मला रडू आलं. माझ्या काळजीपायी एक माणूस मुकाट्याने मरायला निघाला होता, आणि मी देवीकडे दिवा सरळ लागावा म्हणून हट्ट धरून बसलो होतो. तिने तो हट्ट पुरवला असता तर? हा विचार आजही मनात आला की अंगावर काटा येतो. न मिळालेल्या त्या एका गोष्टीसाठी मी तिचा जन्मभर ऋणी आहे.

त्या पेटीचं काम पुढे चालू राहिलं. ते बटण आम्ही काढून टाकलं. काळजी करण्याचा माझा स्वभाव मात्र गेला नाही, आणि तो जावा असंही मी मागत नाही. नवी पेटी बाहेर निघाली की हात जोडतो आणि म्हणतो, आई, जे असेल तेच दिसू दे, आणि ते बघताना मला मान वळवू देऊ नकोस. एवढं म्हणतानाही आवाज कापतो. कापू देतो.