गाठीला झालेले नमस्कार

त्या दिवसांत मी देवाशी बोलणे बंद केले होते. यांची लघवी तुंबायची, आणि हे गावभर सांगायचे की कंबर धरली आहे. शेवटी वाशीमला ऑपरेशन झाले. डॉक्टर म्हणाले, "गाठ काढली. पण कॅन्सरची आहे का, असली तर किती वाईट, हे पेशींची ठेवण पाहूनच कळेल. नागपूरला न्यावी लागेल." दीर यांच्यापाशी थांबले. औषधी पाण्यात बुडवलेल्या गाठीची बरणी लाल फडक्यात गुंडाळून, मांडीवर घट्ट धरून मी एसटीत बसले.

शेजारच्या म्हातारीने विचारले, "कोनता देव व्हय माय?" काय सांगणार? मी बरणी आणखी जवळ ओढली. तिने बरणीला डोके टेकवले. मग मागून झेंडूचे फूल आले. कंडक्टरने चपला काढून हात जोडले. औषधाचा उग्र वास सुटला तेव्हा कोणीतरी हळूच म्हणाले, "लय जागृत हाय."

मंगरूळपीरच्या अलीकडे गाडी बंद पडली. नागपूरचा दवाखाना बंद व्हायच्या आत पोचायचे होते; मला रडूच आले. तेवढ्यात नागपूरकडे निघालेला एक ट्रक थांबला. माझ्याआधी लोकच ओरडले, "बाई देव घेऊन चालली, पयले तिले न्या!" ट्रकवाले दाढीवाले चाचा होते. थोडे पुढे गेल्यावर खोटे पेलवेना. म्हटले, "चाचा, हा देव नाही. माह्या मालकाची गाठ हाय."

चाचा खो खो हसले. "तं काय झालं बहेन? मागं बी गाठीच हायेत, कापसाच्या. एक अजून." त्यांनी मला थेट दवाखान्याच्या फाटकाशी उतरवले आणि पाणी प्यायलाही थांबले नाहीत.

पुढे निकाल आला. कॅन्सर होता. पण पेशी अजून गोल गोल पुंजक्यांत नीट मांडलेल्या होत्या. आणीबाणीतल्या कचेरीसारख्या शिस्तीत. डॉक्टर म्हणाले, "विस्कटलेल्या असत्या तर भीती होती. हा सावकाश चालणारा आहे."

यांना सगळे सांगितले, तर रुसले. "माह्या गाठीच्या पाया पडले लोकं! अन् मी इथं पडून राह्यलो तं कोनी चहा बी इचारत नाही." मग टाके धरून हसत सुटले.

हे पुढे बरीच वर्षे जगले. चमत्कार झाला असे मी म्हणत नाही. पेशींची मांडणी तर मी निघायच्या आधीच ठरलेली होती. पण ज्या दिवशी मला देवाकडे काही मागवत नव्हते, त्याच दिवशी अनोळखी माणसे माझ्या मांडीवर डोकी टेकवत होती. त्यांचे नमस्कार कुठे पोचले, ठाऊक नाही. आता कोणी कशाच्याही पाया पडताना दिसले, तर मी विचारत नाही. शेजारी उभी राहून हात जोडते.