खोडायचं बटण

आमच्या गल्लीतला रेडिओ दुरुस्तीवाला मी रोज पाहतो. तोंड मिटलेला मात्र कधी पाहिला नव्हता. घशाच्या ऑपरेशनात त्याच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे बाईचा, आवाज गेला, तेव्हा त्यानं तिच्यासाठी इवलीशी डबी बनवली. जॉयस्टिकनं अक्षर शोधायचं, बटणानं पक्कं करायचं.

"खोडायचं बटण काहून नाही ठेवलं गा?" मी विचारलं.

"आमची बाई बोललेलं कधी मागे घेते का, भाऊ?"

बाई अक्षरं जुळवू लागली आणि हा तिच्या शेजारी बसून ओरडत राहिला, "डावीकडे घे! आता दाब!"

दहा मिनिटांनी डबीच्या पडद्यावर उमटलं, 'चूप बैस गा.'

तो खरंच चूप बसला. मग डोळे पुसत म्हणाला, "ऐकलं का भाऊ? तोच आवाज!"