अंधेरीचा आठवडा आणि वेलदोड्याचा चहा

मुलुंडहून अंधेरीला जाणं म्हणजे काही काशीयात्रा नव्हे, हे मला कबूल आहे. पण पेन्शनीत निघालेल्या माणसाला वळकटी बांधायला निमित्त लागतं, आणि आम्हाला ते बापूनं दिलं. बापू म्हणजे माझा कचेरीतला जुना सोबती. माझ्या आधी रिटायर झाला आणि अंधेरीला जाऊन राहिला. एका सकाळी तो आमच्या दारात उभा. "अरे भाऊ, माझ्या शेजारचा ब्लॉक रिकामा होतोय. मालक रविवारी येणार आहे. तुम्ही दोघं आठवडाभर माझ्याकडे येऊन राहा. आवडलं तर हो म्हण, नाहीतर जा परत तुमच्या डोंगराखाली!"

डोंगराखाली म्हणजे मुलुंडला. आमच्या दोन खोल्यांच्या मागे पारिजातक आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. मला ते घर जिवापाड आवडतं. आणि एकदा सोडलं की आमचा घरमालक ते दुसऱ्याच दिवशी दुसऱ्याला देणार, म्हणजे परतीची वाट बंद. मी आमच्या हिला, म्हणजे इंदूला, विचारलं, "काय गं, जायचं का अंधेरीला?"

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली.

लग्न झाल्यापासून मी हे उत्तर ऐकतोय, आणि त्याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. म्हणून मी माझी एक खूण ठरवून ठेवली होती. चहात वेलदोडा असला म्हणजे बाईसाहेब खूश. नुसता चहा आला म्हणजे काहीतरी बिनसलंय. ह्या खुणेवर मी आयुष्यातले मोठमोठे निर्णय घेतले आणि स्वतःला फार हुशार समजत आलो.

तुम्हीही जाणार असाल तर सांगतो, कचेरीवाले गेल्यावर निघा. गाडीत पाय पसरून बसता येतं. दादरला उतरायचं, पूल ओलांडायचा, पलीकडची अंधेरीची गाडी धरायची. मी पूल चुकलो, वळकटी खांद्यावर घेऊन भलत्याच बाजूला उतरलो, आणि ही मुकाट्यानं मागे. परत चढून वर आल्यावर म्हणाली, "मला वाटलंच होतं." मग आधी का नाही बोलली? काही कळेना. अंधेरी स्टेशनाबाहेर टांगे असतात. टांगेवाल्याशी घासाघीस करू नका, घोडा म्हातारा होता आणि मला त्याचीच दया आली.

बापू आणि कुसुमवहिनींचा दिनक्रम बघून मी चक्रावलो. आम्ही समजत होतो, पेन्शन म्हणजे आरामखुर्ची. इथे सकाळी फिरणं, दुपारी पत्ते, आणि संध्याकाळी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत जाळं बांधून रिंग! रबराची कडी जाळ्यावरून फेकायची, पलीकडच्यानं ती झेलायची, जमिनीला लागली की गुण गेला. नवराबायकोच्या जोड्या फोडून समोरासमोर खेळतात. मी म्हटलं, "बापू, आमच्या हिला नाही जमायचं रे."

इंदूनं नऊवारीचा पदर खोचला आणि पहिलीच कडी डाव्या हातानं अशी झेलली की बापू "झकास, वहिनी!" म्हणून ओरडला. मग तिनं ती उलट टाकली, थेट माझ्या पायाशी. मी पलीकडच्या बाजूला होतो, हे सांगायला नकोच. मी वाकेपर्यंत गुण गेला होता.

"हे कधी शिकलीस?" मी रात्री विचारलं.

"माहेरी खेळायचो की आम्ही." एवढंच बोलून ती कूस बदलून झोपली. इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि ही डावरी खेळते हे मला माहीत नाही! मला त्या रात्री खरंच थोडी भीती वाटली.

आणि रोज सकाळी उठलो की इंदू चहा हातात द्यायची, त्यात वेलदोडा. मंगळवारी होता, बुधवारी होता. गुरुवारी महाकालीच्या लेण्यांकडे चालत गेलो. रस्ता शेतांतून जातो, पाणी बरोबर न्या, वाटेत झाडाखेरीज काही नाही. परत येताना ही कुसुमवहिनींशी इतकी हसत होती की दोघी चारदा मागे राहिल्या. शुक्रवारच्या चहात तर वेलदोडा इतका की कप नाकाशी नेला तरी वास घमघमावा. झालं, म्हटलं, संपलं आपलं मुलुंड. बाईला अंधेरी आवडली. मी मनातल्या मनात पारिजातकाचा निरोप घेतला आणि रविवारी मालकाला हो म्हणायचं ठरवून टाकलं. दुपारी बदामसात खेळताना माझं लक्षच नव्हतं. हातात सत्ती असून मी 'पास' म्हणालो.

शनिवारी लवकर जाग आली. इंदू शेजारी गाढ झोपलेली. आणि स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास! जाऊन पाहतो तर बापू, कमरेला पंचा, खलात वेलदोडे कुटतोय.

"बापू, रोज चहा तू करतोस?"

"मग कोण? कुसुमला सकाळी उठवत नाही. तुम्हाला जागा आवडावी म्हणून जरा जास्तच घालतोय, बरा लागतो ना?"

मी तिथेच पाटावर बसलो. आठवडाभर मी माझ्या बायकोचं मन म्हणून बापूचं मन वाचत होतो!

त्याच दिवशी वर्सोव्याला जायचं ठरलं होतं. बापू आणि कुसुमवहिनींना मुद्दाम घरी ठेवून आम्ही दोघंच निघालो. किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली असते. वासाची सवय नसेल तर थोडं थांबा, नाक आपोआप शांत होतं. खाडीपलीकडे मढला होडी जाते. ही होडीत चढताना अडखळली तर एक कोळीण म्हणाली, "घाबरू नको गो बाय, बस माझ्या बाजूला." ही बसली, मी तिच्या समोर. होडी हलली तसं मी एकदम विचारलं, "चहात वेलदोडा तू कधी घालतेस?"

"म्हणजे? घरात असला की घालते."

"आणि नसला की?"

"नसला की कसा घालणार? काय झालंय तुम्हाला, ऊन लागलं का?"

मी म्हटलं, "मग ती नाशिकची बदली? पत्र आलं तेव्हा घरात आठवडाभर नुसता चहा होता. मला वाटलं, तुला जायचं नाही, म्हणून मी नको कळवलं."

ती म्हणाली, "नाशिकला माझी मावशी होती. मला फार आवडलं असतं हो जायला."

कोळीण तोंडाला पदर लावून हसत होती. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "इंदू, आता सांग. तुला काय हवंय?"

"तुम्ही म्हणाल–"

"नाही. ते सोडून."

तिनं पाण्यात हात बुडवला. मढ येईपर्यंत तो तसाच होता. उतरताना म्हणाली, "उद्या सांगते. मला आधी बघू तर द्या, काय हवंय ते."

रविवारी मालक आला. बापूनं चहा केला, वेलदोडा होताच. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हटलं, "हिला विचारा." कुसुमवहिनी चमकल्या, मालक तर माझ्याकडेच बघत राहिला.

"ब्लॉक नको," इंदू म्हणाली. "मला मुलुंडचं घर सोडायचं नाही. पण रिंग हवी."

"वहिनी, वाट लावलीत माझी!" बापू म्हणाला. मालक गेल्यावर मात्र तो हळूच म्हणाला, "मुलगा बदलीवर गेल्यापासून सकाळी बोलायला कोणी नसतं रे. म्हणून एवढी धडपड."

"मग दर गुरुवारी तुम्ही या मुलुंडला," इंदू म्हणाली. "रविवारी आम्ही येऊ. चहा तुम्हीच करायचा, बापूभावजी."

आता आमच्या पारिजातकापासून कुंपणापर्यंत जाळं बांधलेलं असतं. मी रोज हरतो. त्या आठवड्यातून घरी काय आणलं म्हणाल, तर एक रबराची कडी आणि बरेचसे प्रश्न. नाशिकचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. मावशी तर केव्हाच गेली.

काल सकाळी चहा आला तो नुसता. फळीवर बघितलं, वेलदोड्याचा डबा भरलेला. माझा पुन्हा गोंधळ. घाबरत विचारलं, "अगं, डबा भरलाय. मग आज का नाही घातलास?"

"म्हटलं, विचारताय का ते बघू," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर बसली.