सुताची गाठ

यजमान गेल्यानंतर माझी पूजा चालू होती, पण मन तिच्यात नव्हतं. पहाटे उठायचं, विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, फूल, मंत्र. मग चूल आणि मग दवाखान्याची पिशवी. दिवसाच्या कामांची यादी करून एकेक ओळ खोडत जायची माझी जुनी सवय, आणि पूजाही त्यातली एक ओळ होऊन बसली होती. पूर्वी लिंग तळहातावर घेतलं की कुणीतरी हात धरल्यासारखं वाटे. आता नुसता गुळगुळीत काळा दगड. हे मी कुणाला बोलले नाही. सासूबाईंना तर नाहीच. अंगावरचं लिंग हरवलं तर ते सापडेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा नेम त्या माहेरून घेऊन आलेल्या.

मी हळ्ळीखेडला सरकारी नर्स होते. लस टोचायला, बाळंतिणी बघायला आसपासच्या वस्त्यांवर सायकलनं जायचं, हे माझं रोजचं. एका हिवाळ्यात जत्रेच्या निमित्तानं तरुण मंडळानं हळ्ळीखेड ते हुमनाबाद अशी बायकांची सायकल शर्यत ठेवली. ठेवली होती कॉलेजच्या मुलींसाठी, पण वयाची अट घालायची राहून गेली. पन्नाशीला टेकलेल्या मी नाव दिलं. इतकी वर्षं पिशवी घेऊन कुणाच्या तरी दुखण्याकडे धावले. एकदा नुसतं धावण्यासाठी धावावं असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला जिंकायचं होतं.

तयारी नीट केली. साखळीला तेल, चाकांत हवा, पातळाचा काष्टा. गळ्यातला सुती शिवदोरा घामानं भिजून मानेला काचायचा, म्हणून बाजारातून नायलॉनचा दोरा आणून डबी त्यात ओवली.

"कामून बदलायलीस?" सासूबाई म्हणाल्या. "नायलॉनला गाठ धरत न्हाई, बाई."

"धुवायला सोपा हाय, आत्याबाई. वाळतोय पण लवकर."

"व्हय, तुझंच खरं," म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

सकाळी धुकं इतकं होतं की पुढचा रस्ता जेमतेम दिसत होता. सुरुवातीच्या रेघेवर एक पोरगी म्हणाली, "नर्सअक्का, आज कुणाला सुई टोचायलाव?"

"जी माझ्या पुढं जाईल तिला."

सगळ्या हसल्या. मग शिट्टी वाजली आणि सगळे आवाज मागं राहिले. दोन्ही बाजूंना ज्वारी, मधूनच करडईचा पिवळा पट्टा धुक्यातून वर येई आणि विरघळून जाई. पाय मारतेय की कुणी मला अलगद पुढं नेतंय, हेच कळेना. एकेक मुलगी मागं पडत गेली. तीनच पुढं उरल्या, मग एकच, मग तीही नाही. छाती इतकी हलकी झाली होती की मला वाटलं, हाच तो आनंद, जो मी शोधत होते. मग हात सहज छातीकडे गेला. छाती हलकी झाली होती, कारण तिथं डबीच नव्हती.

मी थांबले नाही. हिशेब करणारं डोकं म्हणालं, आधी शर्यत पुरी कर, मग परत ये, वस्तू कुठं जाते? पण रस्ता बिदरचा, लॉऱ्यांचा. एका चाकाखाली काय उरणार? तो काळा दगड मला आता दगड वाटेना. यजमान गेले तेव्हाही जे रडू आलं नव्हतं ते आता आलं, आणि मी सायकल वळवली. समोरून पोरी येत होत्या. "अक्का, हुमनाबाद तिकडं हाय की!" असं ओरडत, हसत त्या धुक्यात गेल्या.

मी खाली बघत चालले होते. बराच वेळ नुसता रस्ता. मग लॉरीचा भोंगा ऐकू आला, थांबेचना. धुक्यात रस्त्याच्या मधोमध एक बाई दोन्ही हात पसरून उभी. बाजूला हिरव्या चाऱ्याचा भारा.

"मरायला उभी ऱ्हायलीस का?" ड्रायव्हर ओरडला.

"बाजूनं घे की भाऊ! रस्ता काय तुझ्या बापाचा हाय?"

लॉरी कडेनं निघून गेली. बाईच्या पायांपाशी माझी डबी होती.

"तुमचंच ना?" ती म्हणाली. "तुम्ही गेलाव अन् हे पडलं. हाक मारली, तर तुम्ही वाऱ्यावर."

"मग उचललं का नाही?"

"आम्ही बुद्धवाड्यातले. तुमच्या देवाला हात लावला अन् उद्या कुणी काय म्हणलं तर? अन् सोडून जावं तर चाकाखाली जाईल. मग उभी ऱ्हायले."

माणसामाणसांत उच्चनीच नाही, असं सांगत आमचा पंथ उभा राहिला, आणि त्याच पंथाच्या खुणेला हात लावायला ही बाई भीत होती. पण ती खूण रस्त्यात सोडून जायलाही तिचं मन धजत नव्हतं. मी डावा हात पुढं केला आणि एवढंच म्हणाले, "तुम्हीच द्या."

ती थोडी थबकली. मग पदराला हात पुसले, वाकली आणि दोन्ही हातांनी डबी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. त्या क्षणी कुणीतरी माझा हात धरला. त्याहून जास्त मला सांगता येत नाही.

नायलॉनचा दोरा बघून ती हसली. "हे कसलं घसरडं!" लुगड्याच्या जुन्या काठाची पट्टी फाडून तिनं पिळली, चाऱ्यावरच्या दवात भिजवली, डबी ओवून माझ्या मानेमागं आवळून गाठ मारली.

"जावा आता. शर्यत हाय ना?"

"शर्यत गेली, अक्का."

"रस्ता कुठं गेलाय?"

मी शेवटची पोचले. मंडळाची पोरं मांडवाच्या दोऱ्या सोडत होती. त्यातल्या एकानं दोरी खाली ठेवली आणि टाळ्या वाजवल्या. परतताना मी तिला शोधलं, नंतरही वस्त्यावस्त्यांत विचारलं. मंठाळकडून चारा कापायला बायका येतात, त्यांतली असेल, असं कुणी म्हणालं. असेल. ती कोण होती याचा उलगडा मला नको आहे. मी नीट विचार करून बांधलेली गाठ सुटली, आणि मी न मागता कुणीतरी दुसरी बांधून दिली, एवढं मला पुरतं.

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांची नजर अधू झालेली. त्यांनी बोटांनी माझ्या मानेमागं चाचपलं. ज्या घरात बुद्धवाड्यातल्या माणसाला पाणीसुद्धा वरून ओतायची रीत, तिथं आता काय ऐकावं लागेल, असं मनात आलं. त्यांची बोटं गाठीवर कितीतरी वेळ फिरत राहिली.

"धरलीय," त्या म्हणाल्या. "सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी यादी लिहायला बसले. पूजेची ओळ लिहायची राहूनच गेली. लिंग केव्हाचंच तळहातावर होतं.