देशाचा रकाना

माझी मावशी कुणाचीच बाजू घेत नाही. लहानपणी मी आणि माझा मावसभाऊ भांडत तिच्याकडे गेलो, की ती दोघांचंही ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "याचं म्हणणं असं आहे, हिचं म्हणणं तसं आहे, आणि चेंडू सध्या हिच्या हातात आहे." एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागायची. न्याय मिळायचा नाही, पण भांडणातली मजाही निघून जायची.

चौतीस वर्षं तिने परदेशी टपालाच्या वर्गीकरण विभागात काढली. भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर एका देशाची चिठ्ठी आणि समोर उंच स्टुलावर मावशी. पाकिटावर लोक काय वाट्टेल ते लिहितात. बुडालेली राज्यं, बदललेली नावं, आजोबांच्या वेळचे पत्ते. मावशीचा नियम एकच होता: लिहिणाऱ्याला काय वाटतं ते बघायचं नाही, पत्र कोणत्या वाटेने पोचतं ते बघायचं. निवृत्त झाल्यावर हा नियम वापरायला जागा उरली नाही, म्हणून ती ज्ञानकोशात गेली. इंटरनेटवरचा तो ज्ञानकोश, ज्यात कुणीही लिहू शकतं आणि कुणीही खोडू शकतं.

तिथे तिला एका देशावरचा लेख सापडला. तिथले लोक त्याला एका नावाने ओळखतात, शेजारचा मोठा देश दुसऱ्या. तिथलं सरकार म्हणतं, आम्ही स्वतंत्र आहोत. शेजारी म्हणतो, छे, तो आमचाच जिल्हा, जरा रुसून बसलाय. सतरा देश पहिल्याचं ऐकतात, बाकीचे दुसऱ्याचं. मी त्याला सरळ 'तो देश' म्हणते, कारण ज्ञानकोशाचे नियम मला लागू नाहीत.

लेखात एक वाक्य होतं: 'तेथे टपालसेवा नाही.' मावशीने त्या देशाच्या थैल्या आठवड्यातून दोनदा स्वतः बांधून त्यांवर लाख लावलेली. तिने वाक्य खोडून खरं काय ते लिहिलं. अकरा मिनिटांत कुणीतरी जुनं वाक्य परत आणलं आणि विचारलं, संदर्भ? मावशीने लिहिलं, थैल्या मी स्वतः बांधल्या आहेत. उत्तर आलं, 'स्वतःचे हात हा संदर्भ होत नाही.'

दुसरं कुणी असतं तर संगणक बंद करून उठलं असतं. मावशी खूश झाली. म्हणाली, "कुणीतरी नीट काम करतंय." मग तिने टपाल मार्गदर्शिका शोधून काढली, पान क्रमांकासह संदर्भ दिला, आणि वाक्य राहिलं. विचारणाऱ्याचं टोपणनाव 'गरुड'. तो शेजारच्या मोठ्या देशाच्या बाजूचा. पुढची नऊ वर्षं ही दोघं एकमेकांशी अत्यंत आदराने भांडली. त्याचा खरा चेहरा तिने कधी पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही दाखवली नाही.

लेखाचं पहिलं वाक्य ठरायला अकरा महिने लागले. लेख सहा पानांचा, आणि त्यामागचं चर्चापान दोनशे चाळीस पानांचं. शेवटी जे ठरलं ते मला पाठ आहे, कारण जेवताना ते मी पुष्कळदा ऐकलंय: 'हा प्रदेश स्वतःला स्वतंत्र देश म्हणवतो, सतरा देशांची त्याला मान्यता आहे, इतर देश त्याला शेजारील देशाचा भाग मानतात, प्रत्यक्ष कारभार स्थानिक सरकारच्या हाती आहे.'

"दोन्ही बाजू सारख्याच नाराज आहेत," मावशी समाधानाने सांगायची.

ज्ञानकोशात आणखी एक नियम आहे, आणि पुढे सगळं त्याच्यावरच अडलं. ज्याचं घर किंवा नोकरी विषयाशी जोडलेली आहे, त्याने तसं जाहीर करायचं आणि लेखाला हात लावायचा नाही. चर्चापानावर विनंती लिहायची, इतरांनी ठरवायचं. एक गृहस्थ होते, बायको त्या देशातली. लिहायचे बरोबर, संदर्भही चोख. मावशीने त्यांना नम्रपणे बाजूला व्हायला सांगितलं. ते झाले. "चांगला माणूस होता," मावशी म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

त्यानंतर वर्षभरात मावसभावाने लग्न ठरवलं. मुलगी त्या देशातली.

मुलगी इथे दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवते. हात इतके बारीक चालतात, की बघत राहावं. लग्नाच्या नोंदणीनंतर आम्ही सगळे जेवायला गेलो, तेव्हा मावशीने तिची ओळख करून दिली: "ही माझी सून. ती जिथून आली त्या प्रदेशाच्या दर्जाबाबत मतभेद आहेत." सून हसली. तिला वाटलं, सासूबाई गमतीदार आहेत. मावशी गंमत करत नाही, हे कळायला तिला महिना लागला.

घरातही मावशी तशीच. "तुमच्या तिकडे थंडी फार का?" "त्या बाजूला कांदा कसा मिळतो?" तिकडे, त्या बाजूला, त्या भागात. देश हा शब्द दोन वर्षांत एकदाही तिच्या तोंडून निघाला नाही. सुनेने आपल्या गावाचा एक फोटो आणला होता. चौक, नगरपालिकेची इमारत आणि तिच्यावर त्यांचा झेंडा. मावशी म्हणाली, "तुमच्या खोलीत लावा. बाहेरच्या खोलीत सगळ्यांचं येणं-जाणं असतं." आमच्याकडे येणं-जाणं म्हणजे मी, तेही वरच्या मजल्यावरून. मला भयंकर राग आला. पण सुनेने फोटो उचलून आपल्या खोलीत नेला, म्हणून मीही वर निघून गेले.

मग तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपत आली. एकवीस दिवस उरले होते. मावसभाऊ कामानिमित्त बाहेरगावी होता, म्हणून सुनेबरोबर मावशी गेली आणि मावशीबरोबर मी.

सहा नंबरच्या खिडकीवरचा कारकून सभ्य होता, हे मला आधीच सांगून टाकलं पाहिजे, कारण पुढे तो तसा वाटणार नाही. त्याने अर्ज तपासला आणि जन्मदेशाच्या रकान्यावर पेन टेकवलं.

"हा आमच्या यादीत नाही. शेजारचा आहे. तो लिहू?"

"तो मी लिहिणार नाही," सून म्हणाली.

"मग रकाना रिकामा राहतो. आणि रिकाम्या रकान्याचा अर्ज अपूर्ण धरतात."

"अपूर्ण अर्जाचं काय होतं?" मी विचारलं.

"काहीच होत नाही. तेवढ्यात मुदत संपते, आणि यांना परत जावं लागतं." मग त्याला आमची दया आली. "थांबा, बघू या काही निघतं का. शंका आली की आम्ही ज्ञानकोश बघतो."

त्याने पडदा आमच्याकडे वळवला आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. सगळं, स्वल्पविरामांवर थांबत. मावशी माझ्या शेजारी पर्स दोन्ही हातांनी धरून उभी होती.

"फार छान लिहिलंय," कारकून म्हणाला. "देश आहे असं म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही. पण आम्हाला आहे असं लागतं." त्याने ते पान छापलं, त्यावर शिक्का मारला आणि अर्जाला टाचलं.

बस थांब्यावर आम्ही रांगेत उभ्या राहिलो. मग सून म्हणाली, "आई, ते वाक्य तुमचं ना?"

"बऱ्याच जणांनी मिळून लिहिलंय."

"पण तुमचं."

"हो."

"बरोबर आहे ते," सून म्हणाली. "एक अक्षर चुकीचं नाहीये. मी खूपदा शोधलंय."

मावशी दुसऱ्या दिवशी सकाळी सार्वजनिक वाचनालयात गेली आणि पाच दिवस जातच राहिली. सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: प्रत्येक अडचणीवर कुठेतरी एक परिपत्रक असतं आणि ते कुणी वाचलेलं नसतं. पाचव्या दिवशी तिला राजपत्राच्या एका जुन्या बांधीव खंडात ते सापडलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं. ज्या प्रदेशाच्या दर्जाबाबत वाद आहे, तिथे जन्मलेल्याचं फक्त जन्मगाव नोंदवावं, देशाचा रकाना रिकामा ठेवावा, आणि तेवढ्यावरून अर्ज अपूर्ण समजू नये.

आम्ही झेरॉक्स घेऊन सहा नंबरला गेलो. कारकुनाने ती दोनदा वाचली.

"असं काही आमच्याकडे आलेलं नाही."

"तुमच्याच खात्याचं आहे," मावशी म्हणाली.

"असेल. पण झेरॉक्स काय, कुणीही आणतं." त्याने ज्ञानकोश उघडून पाहिला. "इथे याचा उल्लेख नाही. इथे असतं तर साहेबांना दाखवता आलं असतं."

पंधरा दिवस उरले. मावसभाऊ परत आला होता. त्याने आईचा संगणक तिच्यासमोर आणून ठेवला. "एक ओळ लिही. खरी आहे, संदर्भ आहे. दोन मिनिटांचं काम आहे."

"मी नाही लिहिणार."

"आई, तिला जावं लागेल."

"कळतंय मला." मावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी त्या लेखात दोन वर्षं लिहायलाच नको होतं. तुझं लग्न झालं त्या दिवशी जाहीर करायला हवं होतं. केलं असतं तर लेख हातचा गेला असता. म्हणून मी मनाशी ठरवलं, की घरात कुणाचीच बाजू घ्यायची नाही, म्हणजे लेखात लिहायला मोकळी."

सून दारात उभी होती. तिच्या हातांना कवळ्यांच्या साच्याचं प्लास्टर लागलेलं होतं, कामावरून नुकतीच आलेली. मला वाटलं, आता ही काहीतरी बोलेल, आणि बोलायलाच हवं. ती हात धुवायला आत गेली.

मावशीने त्याच संध्याकाळी चर्चापानावर लिहिलं. माझी सून या प्रदेशातली आहे. हे मी दोन वर्षं लपवलं. याच कारणासाठी मी इथून एका सद्गृहस्थांना बाजूला केलं होतं, त्यांची मी माफी मागते. यापुढे लेखाला हात लावणार नाही. खाली एक विनंती आहे, तिच्यात माझ्या घरचा फायदा आहे, हे ध्यानात घेऊन ती तपासावी. आणि मग परिपत्रकाची ओळ, खंड, पान, तारीख. नऊ वर्षांचं काम तिने सहा ओळींत सोडलं.

अशा विनंतीवर सात दिवस चर्चा होते. दुसऱ्याच दिवशी 'उगवती' नावाच्या वापरकर्तीने विरोध नोंदवला. ती त्या देशाची कट्टर समर्थक. तिने लिहिलं, रिकामा रकाना हा आमचा अपमान आहे, ही ओळ नको.

सुनेने ते वाचलं. "बरोबर बोलतेय ती," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण तिला इथे राहायचं नाहीये."

तिसऱ्या दिवशी गरुड आला. त्याने लिहिलं: 'दोन वर्षं हा मोठा काळ आहे. या दोन वर्षांतली आपली सगळी संपादनं तपासल्याशिवाय मी विनंतीवर मत देणार नाही.' ती तीनशे बारा होती. मावसभावाने त्याला उद्देशून जे शब्द वापरले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. मावशी म्हणाली, "मीही हेच केलं असतं." पण त्या आठवड्यात तिने दोनदा आमटीत मीठ घातलं नाही.

गरुड काही बोलेना. सात दिवस होऊन गेले, आठवाही गेला. सून प्रयोगशाळेतली कामं उरकत होती, अर्धवट काही मागे राहू नये म्हणून. तिने बॅग काढली नव्हती, पण ती कुठे ठेवली आहे ते विचारून घेतलं होतं. नवव्या दिवशी, म्हणजे सहा दिवस उरले असताना, मावशीने मला खाली बोलावलं. उत्तर आलं होतं. तिला चष्म्यातूनही नीट दिसत नव्हतं, म्हणून मी वाचलं.

'तीनशे बारा संपादनं तपासली. सुनेच्या बाजूने पक्षपात कुठेही आढळला नाही. उलट चौदा ठिकाणी त्या प्रदेशावर अन्याय झालेला दिसतो. संदर्भ असूनही आपण त्यांची शाळा, त्यांचं रुग्णालय, त्यांची निवडणूक ही वाक्यं गाळली आहेत. आम्हाला ते सोयीचं होतं, म्हणून आमच्यापैकी कुणी बोललं नाही. ती मी परत घातली आहेत. परिपत्रकाची ओळ बरोबर आहे. तीही घातली आहे.'

मावशीने ते मला पुन्हा वाचायला लावलं. चौदा, असं ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले. मी तिला रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यावेळी माझ्या मनातला तिच्यावरचा राग गेला, तो अजून परत आलेला नाही.

कारकुनाने ज्ञानकोश उघडला, ओळ वाचली, आणि "हे आता आलंय," असं म्हणून पान छापलं, शिक्का मारला, साहेबांकडे नेलं. आपल्याच खात्याचा नियम अशा रीतीने खात्यात पोचला. चौथ्या दिवशी परवाना मिळाला. जन्मगाव नीट लिहिलेलं, देशाच्या रकान्यात एक आडवी रेघ.

घरी सुनेने तो टेबलावर ठेवला. मावशीने दोन्ही बाजूंनी वाचला, रेघेवर बोट फिरवलं, आणि परत दिला.

"तुझ्या देशातला तो फोटो कुठे आहे?" ती म्हणाली. "चौकाचा."

सून परवाना पर्समध्ये ठेवत होती, ती थांबली. "माझ्या कशातला?"

"तुझ्या देशातला."

"संदर्भ?" सुनेने विचारलं. चेहरा अगदी मावशीसारखा कोरडा. दोन वर्षांत तीही बरंच शिकली होती.

"घरात संदर्भ लागत नाही," मावशी म्हणाली, आणि खिळे शोधायला उठली.

फोटो आता बाहेरच्या खोलीत आहे. खिळा मावशीने स्वतः ठोकला, त्यामुळे तो जरा एका बाजूला कललाय. तिच्या ते लक्षात आलंय, पण तिने अजून तो सरळ केलेला नाही.