जरा गोरी कर

"हिला जरा गोरी कर," चेअरमनबाई म्हणाल्या. "कामवाली वाटते."

रावेतची सोसायटी. क्लबहाउसची भिंत. मी शिडीवर. भिंतीवर डोक्यावर विटा घेऊन चाललेल्या बाया. सगळ्यांत पुढं माझी आई. तिला तिचाच रंग दिला होता. काळा, उन्हानं रापलेला.

"गावच्या बाया अशाच असतात, मॅडम."

"असतील. आमच्या पोरांचे वाढदिवस होतात इथं. लेबरला आम्ही रोज गेटवर बघतोच की. भिंतीवर कशाला?"

त्यांच्याबरोबरच्या बायका हसल्या.

मला चित्र कुणी शिकवलं नाही. धाराशिवकडच्या वीटभट्टीवर वाढले. मी कच्च्या विटांवर काडीनं चेहरे कोरायचे. माल खराब केला म्हणून मुकादम आईला शिव्या द्यायचा. ती ऐकून घ्यायची. मला कधी नको म्हणाली नाही. लग्न होऊन चिखलीला आले. वर्कशॉपमध्ये पार्ट पुसायचे, पॅक करायचे. सुट्टीला चित्रं. भिंतीचं हे पहिलंच काम. नवऱ्यानं मिळवून दिलेलं. तो त्याच सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटी.

बाईंनी त्याला वर बोलावलं.

"बायकोला समजाव. ड्युटी करायचीय ना इथं?"

तो माझ्याकडं बघेना. हळूच म्हणाला, "कर गं. रंगच तर हाय."

मी पांढरा कालवला. ब्रश आईच्या कपाळाला लावला. अर्धं कपाळ पांढरं पडलं. आई विटा वाहून वाहून मेली. आता मीच तिला पुसत होते.

ओला रंग फडक्यानं काढून टाकला. खाली उतरले.

"नाही करणार मी."

"काय?"

"ही माझी आई आहे. नको असंल तर दुसऱ्याकडून पुसून घ्या. मी हात लावणार नाही."

भिंत क्रीम रंगानं सपाट झाली. नवऱ्याची ड्युटी गेली. आता तो चाकणला एका गोडाऊनवर असतो. माझ्याशी कामापुरतं बोलतो. मी अजून पार्टच पुसते. खोलीला खिडकी नाही. घरमालक भिंतीला खिळासुद्धा मारू देत नाही. सुटले, असं मी म्हणणार नाही.

परवा एका शाळेच्या सरांनी भिंतीसाठी विचारलं. काय काढणार, म्हणाले.

"आमच्या बाया. आमच्याच रंगाच्या. नंतर बदलणार नाही, आधीच सांगते."

"कळवतो," म्हणाले. कळवलं नाही.

पुढच्यालाही मी हेच सांगणार आहे.