जीवा आणि लंब

नातवंडांनो, गाझियाबादच्या शाळेत मी गणित शिकवत होते तेव्हाची एक वही अजून माझ्या कपाटात आहे. आखलेले रकाने: इंग्रजी शब्द, त्याची आकृती, मग मुलांच्या घरच्या भाषांतले शब्द. मराठीचा रकाना मी नाही, एका विद्यार्थिनीने भरला.

वडिलांच्या बदलीमुळे ती विदर्भातल्या मराठी शाळेतून थेट आमच्या इंग्रजी माध्यमाच्या नववीत आली. पहिल्या चाचणीत पेपर जवळजवळ कोरा. मी तिला कच्च्या मुलांच्या जादा तासाला बसवलं. आठवड्याने ती फळ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, गणित येतं मला. विचारलं काय, तेच समजत नाही."

फळ्यावर वर्तुळ होतं. मी आतल्या रेघेवर, कॉर्डवर, बोट ठेवलं.

"ही तर जीवा," ती म्हणाली आणि एका दमात सांगून मोकळी झाली, "केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो."

"दुभागतो म्हणजे?"

तिने उलट विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठीच ना?"

मराठीच. पण पुण्यात इंग्रजी शाळेत शिकलेली. भूमिती मी मराठीत कधी ऐकलीच नव्हती.

"दोन सारखे भाग करतो," तिने मला समजावलं.

"बरं. मग उद्यापासून जादा तासाला मी बसते," मी म्हटलं, तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वर्गाला नियम केला. पुस्तक मिटायचं, प्रश्न आधी घरच्या भाषेत सांगायचा, आकृती काढायची, मग तेच इंग्रजीत. पंजाबी, बंगाली, हिंदी, सगळा गलका व्हायचा. शब्द वहीत उतरत गेले, मराठीचे तिच्या हातचे. सहामाहीपर्यंत तिचा जादा तास सुटला.

आता तुमच्यातली मोठी नववीत आहे. रविवारी फोनवर मी विचारते, "गणित काय चाललंय गं?" ती म्हणते, "ओके आहे, आजी." पुढे तिच्याकडे मराठी शब्द नसतात आणि माझ्याकडे विचारायचा धीर. मग "जेवलीस का" एवढंच उरतं. तिलाच सांगते, मार्क मला नकोत. तू विचार कसा करतेस, ते मला ऐकायचंय.

येत्या रविवारी एक उदाहरण निवड, पुस्तक मिट आणि मला सांग. अडलीस तिथे खुशाल इंग्रजी शब्द घाल. मी वही उघडून बसेन. त्या शब्दासमोर मराठीची जागा रिकामी असेल, तर ती आपण दोघी मिळून भरू.